डोक्यावरून अंघोळ

देवास, ता. २ एप्रिल २०२५

॥ श्री ॥

आधी माझी तक्रार ऐक, आशीर्वाद मागून. तुझं पत्र काल आलं आणि त्याच्या डोक्यावर श्री नाही. पत्र हातात धरून मी उंबऱ्याबाहेर उभी, पाय आत पडेना. तुझे आजोबा आतून विचारतायत काय झालं, काय झालं. काही झालं नव्हतं, पोरीला वळण नाही एवढंच झालं होतं. ह्यापुढे कागदाच्या डोक्यावर आधी श्री, मग तुझं रामायण. का ते विचारायचं नाही. लहानपणी दर गोष्टीला क्यों आणि कैसे विचारून तू माझं डोकं खाल्लंस, आता समुद्रापलीकडून खाऊ नकोस. सांगितलं तेवढं करायचं.

चि. कृतिका हिला आजीचे आशीर्वाद, पाकिटात मावतील तेवढे.

फोटो पाहिला. अकरा पोरी फुटबॉल खेळतायत आणि तू कडेला बाकावर पांघरूण घेऊन बसलीस. बाकावर बसायला फिनलंडला जावं लागतं हे ठाऊक नव्हतं. आमच्या बसस्टँडवर पुष्कळ बाक आहेत. तुझ्या आजोबांना मात्र त्याचं काही नाही. तो फोटो खिशात घालून गावभर फिरतात आणि पानवाल्यालासुद्धा दाखवतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नोकरी सुटून जमाना झाला, तरी रोज पहाटे मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला जातात. खापरपणजोबांनी महाराज सरकारच्या तंबूंच्या खुंट्या ठोकल्या, हे मैदानात ठोकतात. खानदानी धंदा म्हणायचा.

तुझ्या बापाने दिलेला फोन मी पिठाच्या डब्यात ठेवलाय. त्याच्यात तोंड घालून मी बोलायची नाही. लिहायचं असेल तर लिही. जूनपर्यंत ठेवतो म्हणालेत ना ते क्लबवाले, नंतर हाकललं तर सरळ घरी ये.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस, ठेवायला जागा नाही.

आजी


फिनलंड, २१ एप्रिल २०२५

॥ श्री ॥ (बघ, लिहिलं. का ते विचारलं नाही.)

ती. आजी आणि ती. आजोबांना कृतिकाचा साष्टांग नमस्कार.

आजी, तुझं अक्षर वाचायला मला दोन दिवस लागतात. हिंदी शाळेत शिकले ती माझी गलती नाही, बाबांना विचार. पण वाचते, एकेक शब्द लावून, सगळं.

इथे एप्रिलमध्ये बर्फ आहे. नाश्त्याला खारवलेली मासळी आणि काळा पाव देतात, तो पाव आपल्या चुलीत घातला तर जळणार नाही. मुली चांगल्या आहेत. आपल्याकडे भैयाला म्हणतात तसं मी त्यांना भिया म्हणायला शिकवलं, आता पूरी टीम एकमेकींना भिया म्हणते. कोच कमी बोलते. ती म्हणाली की जूनअखेर ठरवू, फॉरवर्डला ठेवायचं तर गोल पाहिजे. आजी, सात मॅचमध्ये मला मिळून चाळीस मिनिटं मिळाली. गोल शून्य. रात को नींद नहीं आती.

आजोबांना सांग, इथे रेघा मशीन मारते, तरी त्यांच्यासारखी सरळ येत नाही. ते माझा उजवा बूट लपवायचे ना, डाव्या पायाने मारायला लागावं म्हणून, ते मी इथे सगळ्यांना सांगितलं. कोच पहिल्यांदा हसली.

तुला देवाधर्मातलं सगळं येतं. माझा गोल होईल असा एखादा टोटका लिहून पाठव ना. जो म्हणशील तो करीन. हसू नकोस, मी सच्ची लिहिते आहे.

माया पाठव, ती कस्टमवाले अडवत नाहीत.

तुझी कृतिका


धार, २५ मे २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप आईस माधवचे शि. सा. नमस्कार.

तेराव्याला घरात तू मला तोंड उघडू दिलं नाहीस, म्हणून इथे धारला आल्यावर लिहितो आहे. बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले. तुला वाटतं मला काही वाटत नाही. वाटतं. पण कृतिका आमची एकुलती एक आहे आणि तिचं सगळं आयुष्य ह्या एका जूनवर टांगलेलं आहे. आज कळवलं तर ती पहिल्या विमानाने येईल, आणि ते लोक पुन्हा बोलावणार नाहीत. म्हणून दहाव्याला तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घेतली की तू तिला एक अक्षर कळवणार नाहीस. ती पाळ.

आम्ही तिला फोनवर सांगितलंय की आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, सध्या आवाज नाही. सुमंगला फोन ठेवला की रडते, पण सुनेसारखं नाही, आईसारखं निभावते आहे.

दुसरी गोष्ट अस्थींची. तिसऱ्या दिवशी मी नेमावरला न्यायला तयार होतो. तू गाडगं परसातल्या कडुनिंबाला टांगलंस आणि म्हणालीस, ते सांगून गेलेत की नर्मदेत कृतिकाच्याच हातून जायचं. आई, ती तिथे टिकली तर हंगाम संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरशिवाय, येणार नाही. तोवर बाबांनी झाडावर राहायचं का? विचार कर.

रागावलीस तरी मुलगाच आहे, आठवण राहू दे.

माधव


देवास, ता. २८ मे २०२५

कृतिका,

हे पत्र उभ्याने वाच. वाचलंस की आधी डोक्यावरून अंघोळ कर, अंगावरच्या कपड्यांसकट. मग पत्र फाडून वाहत्या पाण्यात टाक, जवळ ठेवू नकोस.

जास्त लिहीत नाही. मला मनाई आहे, आणि तुला अक्कल आहे असं मी धरून चालते.

नेमावरला तुझ्या हातून एक काम व्हायचंय. ते तुझ्यासाठी थांबवलंय. खेळ झाला की ये, नाही झाला तरी ये.

राजाबाई


देवास, ता. २८ मे २०२५

॥ श्री ॥

माधवा,

तुझी शपथ मी मोडली नाही, डोकं चाचपून बघ, जागेवर आहे. कृतिकाला आज पत्र टाकलं. त्यात ते गेले असं एक अक्षर नाही. वर श्री घातलं नाही, खालचा कोपरा फाडला आणि डोक्यावरून अंघोळ करून पत्र फाडून टाक म्हटलं. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र आलं की शेंबड्या पोरालाही कळतं घरातलं माणूस गेलं. तिला कळेल. तू तोंड बांधलंस, बोटं बांधायची राहिली.

तुझ्या बापाने आयुष्यात एक रेघ वाकडी मारली नाही आणि तू त्यांच्या मागे घशाची ऑपरेशनं करतोस. मेलेल्या माणसाचा घसा कापलास. सुमंगलाला सांग, रडायचं तर फोन ठेवायच्या आधी रड, पोरीला ऐकू जाईल असं.

गाडगं झाडावरच राहील. त्यांची घाई नाही, माझं विचारून झालंय.

आई


फिनलंड, २४ जून २०२५

॥ श्री ॥

आजी आजी आजी! साष्टांग, लोटांगण, जे काय असेल ते सगळं.

तुझा टोटका लागला! पत्र मॅचच्या दिवशीच आलं. उभ्याने वाचलं. इथे क्लबच्या मागेच समुद्र आहे, कपड्यांसकट तीनदा डुबकी मारली. पाणी असलं थंड की दात कडकडायला लागले आणि मुली म्हणाल्या ही पागल झाली. आजी, दो गोल! दोन्ही डाव्या पायाने! पुढच्या मॅचला पुन्हा डुबकी, पुन्हा एक. तिसऱ्या मॅचला अर्धी टीम माझ्यामागून पाण्यात. आता हे पक्कं झालंय, मॅचच्या आधी सगळ्या भिया समुद्रात. एकवीस जणी, कोच धरून. काल कोचने बोलावून सांगितलं की ऑक्टोबरपर्यंत पक्की, आणि बहुतेक पुढची दोन वर्षंही.

फक्त तुझी एक गोष्ट मी मानली नाही, मारू नकोस. पत्र फाडवेना. इतक्या लकी कागदाला कसं फाडू? टपालवाल्यांनी आधीच कोपरा फाडून ठेवला होता, त्यांना अक्कल नाही. मी पांढरा कागद चिकटवून तो नीट केला. आणि आजी, या वेळी तूच श्री लिहायला विसरलीस! मला एवढं ओरडलीस आणि स्वतः? मग त्या नव्या कोपऱ्यावर मीच श्री लिहिलं. आता ते प्लास्टिकमध्ये घालून माझ्या लॉकरच्या दारावर लावलंय. मैदानात जाताना मी त्याला हात लावून कपाळाला लावते. मुलीही लावतात.

नेमावरचा नवस आजोबांच्या घशासाठी बोललीस का? खरं सांग. सीझन झाला की बघते. त्यांना सांग, एक गोल तर बूट लपवल्याचाच आहे.

तुझी माया लागू पडते, डोस वाढव.

कृतिका


देवास, ता. १६ जुलै २०२५

॥ श्री ॥

माधवा,

तिचं पत्र सोबत टाकते. बसून वाच, सुमंगलालाही वाचून दाखव.

तिला कळलं नाही. कोपरा तिने चिकटवला. वर श्री लिहिलं. बापाच्या बापाच्या मरणाचं पत्र ती कपाळाला लावते आणि एकवीस जणींकडून लावून घेते. सुतकाची अंघोळ तिचा टोटका झाली. वाचलं तेव्हा मला हसू आलं, तुला सांगायला लाजत नाही. मग परसात गेले, गाडग्यावर पावसाचं प्लास्टिक नीट बांधलं आणि त्यांनाही वाचून दाखवलं.

तुझी चूक की तू तिला हिंदी शाळेत घातलंस आणि घरचं काही शिकवलं नाहीस. माझी चूक की मी काही शिकवताना का ते कधी सांगितलं नाही. माझी चूक मी नंतर बघीन. तू आज फोन उचल आणि सांग. जून संपला, गोल झाले, तिचं पक्कं झालं. आता तुझ्याकडे कुठलं कारण शिल्लक आहे?

आई


धार, २७ जुलै २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप आईस माधवचे नमस्कार.

पत्र वाचलं. सुमंगलाने दोन दिवस जेवण सोडलं. मी तीनदा फोन उचलला. तिसऱ्यांदा कृतिकाच आधी बोलली की टीम पहिल्या नंबरवर आहे आणि तिचे नऊ गोल झालेत, तिथल्या पेपरात फोटो आलाय, त्यात तिच्यामागे तुझं पत्र दिसतंय. आई, ज्या पत्राच्या भरवशावर ती खेळते ते पत्र काय आहे हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? आता सांगितलं तर आजोबाही जातील आणि खेळही जाईल. ऑक्टोबरमध्ये ती येईलच. तेव्हा समोर बसवून सांगू. इतके दिवस थांबलीस, अजून थोडं.

मी भित्रा आहे हे तू लिहिण्याआधीच लिहून टाकतो, तुझी शाई वाचेल.

माधव


फिनलंड, २९ ऑगस्ट २०२५

॥ श्री ॥

ती. आजोबांना कृतिकाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला, आजीला नाही. आजी, तू फक्त वाचून दाखव, मधे बोलू नकोस.

आजोबा, मी दोन वर्षांचा करार केला! सही जरा वाकडी आली, तुम्ही असता तर खुंटी-दोरी लावून सरळ केली असती. बाबा म्हणतात तुमचा आवाज अजून आला नाही. चालेल, तुम्ही नुसती मान हलवा. सोबत पेपरचं कात्रण आहे. त्यात लिहिलंय की ह्या मुलीला भारतातल्या आजीने मंत्र पाठवला. फोटोत मागे पत्र दिसतं, कोपऱ्यातलं श्री बघा, ते माझं अक्षर. आणि ही जर्सी, पाठीवर तुमचं नाव छापून घेतलंय. गणोजी. इथल्या लोकांना म्हणता येत नाही, पण स्पेलिंग बरोबर आहे.

एक वाईट बातमी. शेवटची मॅच ११ ऑक्टोबरला, आणि लगेच दुसऱ्या देशात कॅम्प आहे. मी या वर्षी येत नाही. नेमावरचं काम आजीने माझ्यासाठी थांबवलंय म्हणते, पण नर्मदा कुठे जाते आहे? रागावू नका. तुम्ही आजीबरोबर जा आणि माझ्या वाट्याची एक डुबकी तुम्हीच मारा. तेवढी चालते ना?

डोक्यावर हात ठेवलात असं समजते.

तुमची कृतिका


देवास, ता. २३ सप्टेंबर २०२५

कृतिका,

कागदाचा कोपरा मी फाडलाय. टपालवाल्यांना शिव्या देऊ नकोस. मागचाही मीच फाडला होता. वर श्री नाही तेही विसरले म्हणून नाही. कोपरा फाडलेलं, श्री नसलेलं पत्र म्हणजे घरात माणूस गेलं. ते वाचून सुतकाची अंघोळ करतात आणि पत्र फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू क्यों विचारायचीस तेव्हा गप्प बसवलं. तू गप्प बसायला शिकलीस, त्याचं फळ आपण दोघी खातो आहोत.

लग्नाला छप्पन वर्षं झाली, उखाण्याबाहेर मी त्यांचं नाव घेतलं नाही. आता लिहिते, तुझी पुन्हा चूक नको. गणोजी मेले. तुझे आजोबा. ९ मे, शुक्रवार. घशाचं काही झालं नव्हतं. सकाळी मैदानावर रेघ मारत होते, ती मधेच वाकडी गेली. ती वाकडी बघूनच तिथल्या पोरांनी धाव घेतली. गोलच्या खांबाला टेकून बसलेले होते, हात चुन्याने पांढरे. डॉक्टर लागला नाही.

तुझ्या बापाने माझ्याकडून शपथ घेतली होती, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. ती आज मोडली. त्याच्या डोक्याचं व्हायचं ते होवो, फार उपयोगाचं नव्हतंच. त्याला वाटलं बातमीने तुझा खेळ जाईल. मला वाटलं तुला कळेल. दोघंही तुला ओळखत नव्हतो.

तू ज्याला हात लावून कपाळाला लावतेस ते तुझ्या आजोबांच्या मरणाचं पत्र आहे. तू समुद्रात मारलीस ती त्यांची अंघोळ. एकवीस जणींनी, तुझी कोच धरून, दर सामन्याला त्यांच्या नावाने डोक्यावरून अंघोळ केली. ज्यांचे तंबू आपण ठोकले त्या महाराजांचंसुद्धा एवढं सुतक कोणी धरलं नसेल. रेघा मारणाऱ्या माणसासाठी फार झालं.

आता नेमावर. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, राख कृतिकाच्या हातून नर्मदेत जाऊ दे. म्हणून मी गाडगं कडुनिंबाला टांगलं. मे गेला, पाऊस गेला, पितरांचा पंधरवडा आला. नवऱ्याला साडेचार महिने झाडावर ठेवला, तुझी वाट बघत. तुझं पत्र त्यांना झाडाखाली उभी राहून वाचून दाखवलं, मधे बोलले नाही. मान कोणी हलवली नाही.

परवा सर्वपित्रीला मी एकटी गेले. गाडगं दिसलं तर बसवाला चढू देत नाही, म्हणून तुझ्या जर्सीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कन्नौदपासून एक बाई शेजारी बसली, पाठीवरचं नाव वाचून म्हणाली, नातू खेळतो का. मी हो म्हटलं. नेमावरला पाय ठेवायला जागा नव्हती, एवढी गर्दी. तुझ्या हाताचं काम माझ्या हाताने केलं. तू लिहिलं होतंस तुझ्या वाट्याची एक डुबकी त्यांनी मारावी. मारली. वर आले नाहीत.

तुझ्यासाठी काही मागे ठेवलं नाही. चिमूटभर ठेव असं मनात आलं होतं, ठेवलं नाही.

११ ऑक्टोबरच्या आधी हे पत्र पोचेल असं मोजून टाकते आहे. नंतर पोचेल असं टाकलं असतं तर तुझ्या बापासारखी वागले असते. सामना खेळ किंवा नको खेळूस. पण खेळलीस तर त्या कागदाला हात न लावता खेळ. गोल त्याने केले नाहीत. कागदाने गोल झाले असते तर पोस्टमास्तर देशाकडून खेळला असता. डावा पाय तुझा आहे, आणि तो ज्यांनी तयार केला त्यांचं नाव वर लिहिलंय.

लॉकरवरचं ते काढ. त्यावर चिकटवलेला तुझा कोपरा आधी उपट. मग फाड.

लोभ होता तो त्यांच्याकडे होता. माझ्याकडे जे आहे त्याला दुसरं नाव आहे, ते मी लिहीत नाही.

उत्तर तू लिहायचं. बापाने नाही, आईच्या फोनवरून नाही, पिठाच्या डब्यात वाजवून नाही. तू, तुझ्या हाताने. वर श्री घालायचं नाही आणि कोपरा फाडायचा, म्हणजे मला कळेल की पोचलं.

राजाबाई